माईकवरून धुतलं, आता लिहू का सोडून देऊ?

वाचकांची पत्रं आणि ताईंची उत्तरं

यावेळी पत्रांची फाईल उघडली तर अर्ध्याहून जास्त पत्रं टीकेचीच. टीका करणाऱ्यांची नाही हो, टीका खाल्लेल्यांची. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडं तालुक्या-तालुक्याला संमेलनं, मांडवात कुणीतरी कुणाला तरी धुतोच, आणि दिवाळीला ज्यांनी पुस्तकं काढली त्यांची परीक्षणं पण ह्याच दिवसात छापून येतात, म्हणून असेल. तर बाकीचे प्रश्न (मानधन कधी मिळतं वगैरे) पुढच्या महिन्यात, आज हेच घेऊ.

प्रश्न : ताई नमस्कार. मी गेवराई तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लिहायची लहानपणापासून आवड. आमच्याकडं झालेल्या संमेलनात कथाकथनात मला पहिल्यांदाच संधी मिळाली, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईवरची कथा वाचली. लोकांनी टाळ्या पण वाजवल्या. नंतर अध्यक्ष उठले, मोठे लेखक आहेत, ते माईकवरून म्हणाले की "ही कथा नाही, हा अंगणवाडीचा मासिक अहवाल आहे, आजकाल कोणीही उठतं आणि लेखक होतं." सगळा मांडव हसला. माझ्या गावच्या बायका पण होत्या तिथं. तेव्हापासून वही उघडली नाही. मालक म्हणतेत सोड की मग, कशाला डोक्याला ताप. एवढा मोठा माणूस म्हणतो की मला लिहिता येत नाही तर खरंच येत नसेल ना? कथा सोबत जोडली आहे.

उत्तर : ताई, पहिले एक काम करा. कागद घ्या आणि त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा, पदरचं काही घालू नका. कारण तुमच्याच पत्रात वर दिलेत ते शब्द वेगळे आहेत आणि खाली तुम्ही लिहिलंय की ते म्हणतात मला लिहिता येत नाही. असं ते कुठं म्हणले? म्हणलेच नाहीत. ते तुमच्या मनानं मागून जोडलं, रात्री पडल्या पडल्या. अपमान झाला की असंच होतं, बोलणाऱ्यानं दोन वाक्यं बोललेली असतात आणि महिन्यानं आपल्याकडं त्याचं अख्खं भाषण तयार असतं. कागदावर उतरवलं की निदान वाढायचं तरी थांबतं.

आता कागदावर दोनच वाक्यं राहिली. ती दोन वेगवेगळ्या जातीची आहेत हे बघा.

सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेल्यावर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. एक आडत्या मूठभर दाणे मशीनमधी टाकतो, मॉइश्चर १४ दाखवतो, म्हणतो १२ च्या वर आहे, भाव तुटंल. राग येतोच, पण आकडा समोर असतो, नाही पटलं तर माल परत नेऊन दोन दिवस ऊन देता येतं. दुसरा मात्र पोत्यात हातसुद्धा घालत नाही, आपल्या चपलाकडं बघतो आणि म्हणतो काय कचरा आणलाव रे. ह्या दुसऱ्याच्या बोलण्यावरून माल ओला का कोरडा हे कुणालाच कळत नाही, त्याला फक्त तुम्हाला खाली बघायला लावायचंय.

तुमच्या अध्यक्षांनी दोन्ही केलं, एका दमात. "आजकाल कोणीही उठतं" हे चपलाकडं बघून बोललेलं वाक्य, त्याचा तुमच्या कथेशी काडीचा संबंध नाही, ते तुम्ही वाचायला उठायच्या आधी पण बोलता आलं असतं. ते सोडून द्या. "अहवाल आहे" हे मात्र कथेबद्दल बोललेलं आहे, कुजकट आहे, त्यात तुमच्या नोकरीला पण चिमटा आहे, पण कथेबद्दल आहे. तेवढं तपासायचं. तपासायचं म्हणजे काय तर, अध्यक्षसाहेब, अहवाल कुठं वाटला ते पानावर बोट ठेवून दाखवा. ते काय आता दाखवणार नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मीच बोट ठेवून बघितलं. कथा नीट बसून वाचली.

तर ऐका. पहिली दोन पानं अहवालच आहेत. राग मानू नका. उचल म्हणजे काय (मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे), टोळी कधी निघते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्यावर कोप्या कशा असतात, सगळी माहिती ओळीनं. आणि त्यात हे वाक्य : "मुकादमाकडून घेतलेल्या उचलीमुळे या कुटुंबांना मोठ्या प्रमाणावर आर्थिक पिळवणुकीस सामोरे जावे लागते." हे वाक्य कुणाचं आहे सांगा बरं? हे तुमचं नाही, हे मिटींगमधल्या कागदाचं आहे, कुठल्याही जिल्ह्याच्या कुठल्याही फाईलीत चिकटवलं तरी बसतंय. पण मग तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय : "मुकादम बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटायचा तेवढ्यातच तिला कळायचं, यंदाबी फिटलं नाही."

अहो ताई! हे ज्या बाईनं लिहिलं तिला लिहिता येत नाही? पिळवणूक, उचल, कर्ज, पिढ्यान् पिढ्या, सगळं त्या थुंकीच्या बोटात आलं की. मला तिथं थांबून पुन्हा मागं जाऊन वाचावं वाटलं. दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा चाळायचं काम मी बरीच वर्षं करते, असं वाक्य गठ्ठ्यात सापडलं की दिवस चांगला गेला म्हणायचा.

मग पहिली दोन पानं अशी का झाली? माझा अंदाज सांगते. ती पानं तुम्ही मांडवातल्या पहिल्या रांगेसाठी लिहिली, ज्यांना ऊसतोड माहीत नाही, ज्यांना समजावून सांगावं लागतं अशा लोकांसाठी. आपल्याकडच्या नव्या लिहिणाऱ्यांचं हे फार होतं, आपलं जगणं आपणच पाहुण्याला दाखवल्यासारखं समजावत बसतो. तिसऱ्या पानावर तुम्ही पाहुण्यांना विसरलात आणि कथा सुरू झाली. तर ती दोन पानं काढा, वहीच्या प्रसंगापासून सुरू करा. माहिती लागेल तिथं लागेल तेवढी येऊ द्या. कोयता म्हणजे जोडी हे समजावू नका, नवरा आजारी पडल्यावर मुकादमाच्या तोंडी एवढंच घाला की अर्ध्या कोयत्याला उचल तेवढीच देत नसतेत. वाचणाऱ्याला कळतं, आणि नाही कळलं तर विचारंल कुणाला तरी. नवी लिहिलेली कथा मोठ्या लेखकाला दाखवायच्या आधी टोळीला जाऊन आलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखवा, तुमच्या गावात अशा घरटी सापडतील. ती कुठं गप होते आणि कुठं "आसं नसतंय बाई" म्हणते ते बघा. अंगणवाडीमुळं अशा बायका तुमच्याशी मोकळं बोलतात, हे त्या अध्यक्षांच्या नशिबात नाही.

म्हणजे झालं काय, त्यांची बोलायची रीत हलकट होती आणि बोललेलं दोन पानांपुरतं बरोबर निघालं. हीच तर पंचाईत असते. नुसता हलकट माणूस असता तर विसरून गेलो असतो, नुसतं बरोबर असतं तर ऐकून घेतलं असतं. दोन्ही एकत्र आलं की माणूस एकतर सगळं फेकून देतो नाहीतर सगळं गिळतो. तुम्ही गिळलंय.

लोक तुम्हाला पैठणच्या नाथांची गोष्ट सांगतील, अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत आंघोळ करून यायचे ती. ऐकून घ्या, पण नाथ ते नाथ. आपण चिडायचं, चार दिवस भांडी आपटायची, मैत्रिणीजवळ त्याच्या नावानं बोटं मोडायची, फक्त त्या चिडीत त्याला फोन करायचा नाही आणि वही फाडायची नाही. कुणी तुकोबांचं पण उदाहरण देईल. रामेश्वर भट्टांनी आधी विरोध केला आणि नंतर तुकोबांची आरती लिहिली, खरंय, आजही म्हणतात ती आरती. पण आपल्या अध्यक्षांकडून आरतीची वाट बघत बसू नका, तसं रोज होत नसतं. आणि ते "निंदकाचे घर असावे शेजारी" म्हणतात ना, शेजारी असावं म्हणलंय, माजघरात आणून बसवा असं कुणी म्हणलेलं नाही.

मांडव हसला त्याचं फार मनावर घेऊ नका. माईकवरून कुणी कुणाची टिंगल केली की मांडव हसतोच, जेवायची वेळ झालेली असते. त्याच लोकांनी पाच मिनिटं आधी टाळ्या वाजवलेल्या, ते तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि हसण्याला अर्धं पान दिलंत, हे पण बघा जरा. आणि मालकांशी भांडू नका. त्यांना तुमचं उतरलेलं तोंड बघवत नाही म्हणून सोड म्हणतेत, त्याला साहित्यिक मत समजू नका. कथा नव्यानं लिहिली की मला पाठवा, मी वाट बघते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक, सेलू. गेल्या वर्षी स्वखर्चाने कवितासंग्रह काढला. एका दैनिकाच्या पुरवणीत त्यावर परीक्षण आले. "यमके जुळवण्याची कसरत", "निवृत्तीनंतर वेळ घालवण्याचा उद्योग", आणि कहर म्हणजे "या संग्रहाला मिळालेला पुरस्कार कवीने ओळखीतून मिळवला आहे". माझे नाव कायमचे खराब झाले आहे. मला अब्रुनुकसानीची नोटीस द्यायची आहे. मुलगा नको म्हणतो. आपले मत काय?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. मी वकील नाही, पण ह्या प्रश्नावर कायदा वाचण्यासारखा आहे म्हणून सांगते, नोटिशीचं नक्की ते परभणीच्या एखाद्या चांगल्या वकिलाला विचारूनच ठरवा.

अब्रुनुकसानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ नंबरला आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याच्याआधी ते १८६० च्या दंड संहितेत ४९९ होतं. ह्या कलमाला अपवाद जोडलेत आणि त्यातला सहावा अपवाद आपल्यासारख्यांसाठीच आहे. जी कृती तुम्ही होऊन लोकांपुढं ठेवली तिच्या गुणदोषांवर कुणी सद्भावनेनं मत दिलं तर ती बदनामी होत नाही. पुस्तक छापलं म्हणजे ते लोकांच्या पुढं ठेवलं. कायद्यानं त्याला उदाहरणं पण दिलीत, मला तर वाचून मजा वाटली. एखाद्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, ते लिहिणारा दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, असं कुणी म्हणलं तर चालतं, कारण माणसाबद्दलचं मत पुस्तकावरूनच काढलंय, त्याच्या पुढं गेलेलं नाही. पण, ह्याचं पुस्तक मूर्खपणाचं असणारच, माणूसच तसा आहे, बाहेरख्याली आहे, असं म्हणलं तर हा अपवाद लागू होत नाही, कारण आता मत पुस्तकाच्या बाहेरून आलं. इंग्रजांच्या काळात कुणीतरी बसून केवढं बारीक बघितलंय! आमच्या निम्म्या समीक्षकांना हा फरक अजून कळत नाही.

आता तुमच्या तीन वाक्यांवर हे लावा. यमकांची कसरत, हे शंभर टक्के मत आहे, नोटीस दिली तर लोक तुम्हालाच हसतील. वेळ घालवण्याचा उद्योग, हे खवचट आहे, जिव्हारी लागतं, पण त्यावर कोर्टात जाण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. तिसरं वेगळं आहे. पुरस्कार ओळखीतून मिळवला, हे मत नाही, हा आरोप आहे, असं झालं का नाही झालं एवढाच प्रश्न आहे. खोटं असेल तर तेवढ्यापुरतं बोला. संपादकांना चार ओळींचं पत्र लिहा : अमुक तारखेच्या पुरवणीत असं विधान आलंय, ते चुकीचं आहे, निवड अशा पद्धतीनं झाली, कृपया खुलासा छापावा. बास. त्या पत्रात यमकांबद्दल अवाक्षर काढू नका, नाहीतर खुलाशाचं राहील बाजूला आणि कविराज चिडले एवढंच लोकांच्या ध्यानात राहील.

कोर्टाचं म्हणाल तर ह्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, आणि आता नव्या कायद्यात समाजसेवा पण शिक्षा म्हणून आलीय. ते सगळं सिद्ध होईस्तोवर किती तारखा पडतील आणि तेवढ्या काळात तुमच्या किती कविता व्हायच्या राहतील ह्याचा हिशेब तुम्ही गणिताचे शिक्षक असाल नसाल तरी करू शकता. मुलगा बरोबर म्हणतोय.

नाव कायमचं खराब वगैरे काही झालेलं नाही. रविवारच्या पुरवणीत सोमवारी भजी बांधतात. यमकांचं मात्र एकदा बघाच, मी संग्रह वाचलेला नाही त्यामुळं बोलणार नाही, पण ज्या कवितेत शेवटचा शब्द आधी सुचला आणि ओळ नंतर भरली अशी तुम्हाला स्वतःला आठवते, ती काढून शांतपणे वाचून बघा.

प्रश्न : ताई, मी लातूरला कॉलेजला आहे. माझ्या कथेत औशाकडचे दोन भाऊ बोलतात. कॉलेजच्या अंकासाठी दिली तर निवडणाऱ्या मुलांनी सगळ्यांसमोर वाचून नक्कल केली, म्हणे ही कसली गावठी भाषा, आणि "अशुद्धलेखन पण भयंकर". "काय करायलास" च्या जागी "काय करतो आहेस" करू का?

उत्तर : करू नकोस. औशाचा माणूस भावाला काय करतो आहेस म्हणायला लागला तर भावाला वाटंल ह्याला ताप आलाय. गंगाखेडच्या जनाबाईनं जात्यावर दळता दळता देवाला अरेतुरे केलंय, आपल्याकडं बोलीत लिहिणं ही काय कालची गोष्ट नाही. फक्त एक बघ, एका पानावर "जायलाव" आणि पुढच्या पानावर त्याच माणसाच्या तोंडी "जातोय" असं नको. मुद्दाम केलं तर ठीक, म्हणजे तो साहेबापुढं तसा बोलतो आणि घरी असा, ते तर छानच.

पण लेकरा, दुसऱ्या गोष्टीत तू बोलीच्या आड लपू नकोस. तू पाठवलेल्या पानावर निवेदनात "परिस्थीती", "दिर्घ", "आशिर्वाद" असं लिहिलंय. ही काही औशाची बोली नाही, हा आळस आहे. त्या पोरांनी नक्कल केली ते वाईटच, पण अशुद्धलेखनावर त्यांनी बोट ठेवलं ते बरोबर ठेवलं. निवेदन प्रमाण मराठीत लिहायचं ठरवलंयस ना, मग ते नीट लिही. शब्दकोश घेऊन बस, नाहीतर मराठीच्या सरांना दे वाचायला. लेखन इतकं स्वच्छ कर की पुढच्या वेळी नक्कल करायला फक्त करायलास-जायलाव उरलं पाहिजे, आणि तेवढं करू दे त्यांना, गावाकडचे असतील तर घरी तेच बोलत असतील.

प्रश्न : (नाव-गाव छापू नये) कार्यशाळेत माझी कादंबरी सगळ्यांसमोर फाडली. त्याला खूप दिवस झाले पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, नोकरीवर लक्ष नाही. कधी कधी वाटतं लिहिणंच काय, जगण्यातच काही अर्थ नाही.

उत्तर : तुमच्या कादंबरीबद्दल मी आज एक शब्द बोलणार नाही, ती कुठं पळून जात नाही. झोप, जेवण आणि जगण्यात अर्थ नाही हे तीन एकत्र आलं की तो साहित्याचा विषय राहत नाही. सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. हे वाचून झालं की लावा. उद्या नाही, आत्ता. आणि घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला आजच सांगा की मला बरं वाटत नाही, कारण सांगायची गरज नाही, तेवढंच सांगा आणि आज एकटे राहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडं जायला लाज कसली, बीपीच्या गोळ्या आणायला जातोच की आपण. मला पुन्हा पत्र लिहा, छापायला नाही, नुसतं कळवायला.

प्रश्न : आम्ही हिंगोलीत काही जण महिन्याला जमतो, एकमेकांचं वाचतो. एक मित्र अतिशय वाईट लिहितो. खरं सांगितलं तर मैत्री जाईल, खोटं सांगवत नाही. आमच्यातले एकजण "मी परखड आहे" म्हणून सगळ्यांना सोलून काढतात, त्यांच्यामुळं दोघीजणी यायच्याच बंद झाल्या.

उत्तर : चला, एक तरी पत्र दुसऱ्या बाजूनं आलं.

आधी तुमच्या परखडरावांचं. आपल्या भागात परखड म्हणलं की लोक नरहर कुरुंदकरांचं नाव घेतात, नांदेडला पीपल्स कॉलेजात होते, १९८२ ला गेले, अजून त्यांचा दरारा आहे. पण कुरुंदकरांचं वाचन केवढं होतं! समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचे, कधी कधी तर त्या माणसाला स्वतःला जमलं नसतं इतकं चांगलं मांडायचे, आणि मग एकेक मुद्दा घेऊन खोडायचे. आपले परखडराव पहिला अर्धा भाग गाळतात आणि थेट खोडायला बसतात. त्यांना पुढच्या बैठकीत एवढंच काम द्या की टीका करायच्या आधी कथेत काय घडलं ते तीन वाक्यांत सांगा. बऱ्याच वेळा कळतं की वाचलेलीच नाही.

मित्राचं अवघड आहे खरं. त्याला एकट्यात आधी विचारा, बाबा तुला नेमकं काय ऐकायचंय, छापायला पाठवणार आहेस का नुसतं वाचून दाखवायलास? काही लोकांना फक्त कुणीतरी ऐकलेलं हवं असतं, त्यात वाईट काय, भजनी मंडळात सगळेच कुठं सुरात असतात, त्यांना कुणी हाकलत नाही. अशा माणसाची समीक्षा करायची नसते, चहा पाजायचा. छापायला पाठवणार असेल तर मात्र सांगा, पण "जमलं नाही" असं मोघम सांगू नका, त्यानं माणूस नुसता लंगडतो, दुखतंय कुठं ते कळत नाही. पेन्सिल घ्या, जिथं तुमचं लक्ष उडालं तिथं समासात बारीक खूण करा, आणि त्याला म्हणा इथं मी उठून पाणी प्यायला गेलो. हे त्याला खोडता येत नाही, कारण तुम्ही खरंच गेलात. एक जागा अशी पण दाखवा जिथं तुम्ही थांबून राहिलात. अगदीच सापडली नाही तर खोटी दाखवू नका, खोटं कौतुक पकडायला लेखक लई हुशार असतात.

आणि त्या दोघींच्या घरी जाऊन या. फोन नाही, जाऊन.

प्रश्न : माझी कथा तुमच्या पुढच्या अंकात येणार आहे. सासूबाईंनी हस्तलिखित वाचलं आणि तेव्हापासून बोलणं बंद आहे. म्हणतात ती कथेतली खडूस म्हातारी मीच. ही पण टीकाच ना? काय करू? (अंबाजोगाई)

उत्तर : आहे का ती त्याच? खरं सांगा. मी हस्तलिखित वाचलंय, त्यात म्हातारी तपकीर ओढते, मुकुंदराजाच्या समाधीला दर एकादशीला चालत जाते आणि सुनेचे डबे उघडून बघते. ह्यातलं किती घरातलं आहे ते तुम्हाला माहीत. अंक छापायला जायला वेळ आहे, गाव बदला, समाधी काढून दुसरं देऊळ टाका, तपकिरीच्या जागी पान-सुपारी करा, डबे राहू द्या कारण डबे सगळ्याच घरात उघडले जातात आणि कथेचा जीव तिथंच आहे. सासूबाईंना मात्र एवढं विचारा की म्हातारी अशी वागली असती का, काय बोलली असती. त्या सांगतील, रागानं का होईना सांगतील, आणि तुमच्या संवादापेक्षा त्यांचा संवाद चांगला असण्याची मला दाट शंका आहे. सुधारलेली प्रत २० तारखेच्या आत पाठवा, आणि अंक आला की तो त्यांच्या हातात तुम्हीच नेऊन द्या, शेजारणीकडून कळायच्या आधी.